पौषातला कार्बोरेटर

पौष लागला की माझ्या नाकाला पेट्रोलचा वास यायला लागतो. इतरांना या दिवसांत भाजल्या तिळाचा येत असेल, हरभऱ्याच्या ओल्या घाट्यांचा येत असेल, नव्या गुळाचा येत असेल. मलाही ते सगळे येतात, पण मागून. पुढे पेट्रोल. घरचे म्हणतात, म्हातारीचं आपलं काहीतरीच. मी कुणाला समजावत बसत नाही. ऐंशी पार केल्यावर माणसाला स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायचा हक्क असतो.

यंदा मात्र वास खराच होता. रविवारी सकाळी मी अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसले होते आणि माझी नात मित्रा गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घालून उभी होती. मित्रा इथं यवतमाळला बँकेत आहे, तिशीची आहे, आणि "राहू दे गं, मेकॅनिककडे ने" असं कुणी म्हटलं की ते काम हमखास घरीच करते. हा गुण तिच्यात कुठून आला ते मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून मी गप्प बसते.

"झालंय काय गाडीला?" मी विचारलं.

"आजी, धावताना एकदम मस्त चालते. पण हळू केली, सिग्नलला थांबवली, की थरथरते आणि बंद पडते. थ्रॉटल बॉडी घाण झाली असेल. इंजिनात हवा जाते ना, त्या तोंडाशी एक गोल पडदी असते. तिच्यावर काजळी बसते. फवारा मारून पुसायची, बस."

धावताना चालते आणि हळू केली की मरते. मी खुर्चीत सरळ झाले. साठ वर्षांनी जुना दुखणेकरी पुन्हा दारात येऊन उभा राहावा तसं मला झालं. तेवढ्यात मित्रानं घरातून आणलेली कापसाची गुंडाळी फाडली आणि एक बोळा करून त्या तोंडाशी नेला.

"कापूस ठेव खाली," मी ओरडले.

मी मास्तरीण होते, पण ओरडणारी नव्हते. मित्रा दचकली. शेजारच्या गॅलरीतला माणूसही दचकला. "कापूस नको. कापूस सोडून काहीही घे," मी म्हटलं, आणि मग माझं मला हसू आलं. कापूस सोडून काहीही! हेच वाक्य मी एका पौषात सगळ्या घराला ऐकवलं होतं, आणि तेव्हा आमच्या घरात कापूस सोडून काही नव्हतंच.

राळेगावपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथला पौष पांढरा असायचा. शेतात कापूस, आंगणात कापूस, वाटेवर कापूस. जिनाकडे, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याकडे, जाणाऱ्या बैलबंड्या इतक्या गच्च भरलेल्या असायच्या की रस्त्याकडेच्या बाभळी त्यांना ओरबाडायच्या आणि दिवसभर काट्यांवर पांढरे झुबके घेऊन उभ्या राहायच्या. माझी माय वेचणीला जायची. वाळल्या बोंडांच्या टोकांनी तिची बोटं चिरलेली असायची, आणि संध्याकाळी ती दारात बसून फणी फिरवायची तेव्हा केसांतून आधी कापूस निघायचा, मग केस. भुवयांत कापूस, पापण्यांत कापूस, भाकरीत कापूस. आम्ही त्याला घाण म्हणत नव्हतो. घाण साफ करायला आम्ही तोच वापरायचो. जखम झाली, घे कापूस. कान ठणकला, घे कापूस. कंदिलाची काच, देव्हारे उठल्यावर रिकाम्या कोनाड्यात ठेवलेली बुद्धाची तसबीर, तेलकट हात, सगळ्याला एकच फडकं, मूठभर रुई. बाहेरगावच्या माणसानं असं केलं नसतं. त्याला आधी कापूस शोधावा लागला असता.

बाबा जिनात फिटर होते. होते म्हणजे, यंत्रानं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेईपर्यंत होते. त्यानंतर त्यांना फाटकावर बसवलं, आलेल्या बंड्यांना आत सोडायला. "बारीक काम आता तुझ्यानं होणार नाही," असं वरचा साहेब म्हणाला होता. बाबांनी घरी येऊन ते वाक्य एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी काढलं नाही. पण जेवताना ते उरलेली बोटं ताटाखाली धरायचे, हे मी पाहायची.

त्या जिनाच्या शेडमध्ये एक जुनी काळी विलायती मोटार पडून होती. दोन पावसाळे तिनं शेडच्या गळक्या कोपऱ्यात काढले होते आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मालकाला शेड रिकामी हवी होती. "घेऊन जा, नाही तर भंगारात देतो," म्हणाला. बाबांनी ती बैलांनी ओढत आमच्या वस्तीत आणली. मागे कोंबड्याही आल्या, कारण त्या आपलं घर सोडायला तयार नव्हत्या.

दोन वर्षं आम्ही त्या गाडीला लागलो होतो. आम्ही म्हणजे बाबांचं डोकं आणि माझी बोटं. मी नुकती मॅट्रिक झालेली. ते शेजारी उकिडवे बसून सांगायचे आणि मी करायची. पेट्रोल आणि हवा जिथे एकमेकांत मिसळतात तो कार्बोरेटर तर माझ्या इतका हातातला झाला होता की डोळे मिटून उघडला असता. त्याची कटोरी, कटोरीतली तरंगणारी डबी, आणि पितळेचे जेट. जेट म्हणजे मधोमध भोक असलेला इवलासा खिळा. त्यातून पेट्रोल जायचं. एक जेट गाडी पळताना कामाचा, आणि दुसरा, त्याहून बारीक, गाडी हळू चालताना किंवा उभी असताना. या दुसऱ्याचं भोक इतकं लहान की त्यातून सुईही जायची नाही.

"तार घालू नको," बाबा बजावायचे. "पितळ नरम राह्यते. भोक मोठं झालं का गाडी पेट्रोल पिऊन टाकते. तोंडानं फुंक." म्हणून मी फुंकायची. पेट्रोलची चव मला चहाच्या आधी लागली, असं मी गमतीनं सांगते, पण ते फारसं खोटं नाही.

गाडी सुरू करायला पुढून हँडल घालून फिरवावं लागे. तेही बाबांनीच शिकवलं. "अंगठा असा येढा घालून धरू नको, पोरी. बोटायच्या संगं ठेव. हँडल उलटं फिरलं का अंगठा मोडते. एका घरात एवढे मोडलेले हात पुरे झाले." एवढं बोलून ते हसले होते. त्या विषयावर ते हसलेले मला तेवढेच आठवतात.

मित्रानं कापूस बाजूला ठेवला. आता ती चष्मा पुसायचं मऊ, तंतू न सुटणारं कापड शोधते आहे. मी तिला म्हटलं, पडदीला बोटानं जोर लावू नकोस. ती म्हणाली, "आजी, तुला काय माहीत यातलं?" मी म्हटलं, काही नाही. म्हाताऱ्या माणसानं काही काही वेळा काही नाही असंच म्हणावं. तेवढं उन्हात बसायला मिळतं.

माझं लग्न ठरलं ते एकसष्ट-बासष्टच्या हिवाळ्यात. मुलगा महागाव तालुक्यात शाळेवर मास्तर. आम्ही धम्म घेऊन पाच वर्षं झाली होती. मुहूर्त, पत्रिका सगळं सोडलेलं. तरी वस्तीत लग्नं लागायची ती गावाच्याच महिन्यांत, सवयीनं. बाबांनी बैठकीत पौष सांगितला तेव्हा आमच्याच काही म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. पौषात कुणी लग्न लावत नाही. त्यात त्या वर्षी आकाशात आठ ग्रह एका राशीत येणार, जग बुडणार, अशी आवई उठलेली. लोक प्रवासाला निघेनात, ठिकठिकाणी यज्ञ चाललेले.

"मुहूर्त सोडला म्हणतो आपण," बाबा म्हणाले, "अन् लगन लावतो थे त्यायनंच सांगितलेल्या महिन्यात. मंग सोडलं काय आपण?"

 पौष ठरला.

मग बाबांनी दुसरी गोष्ट सांगितली. वरात पेठेतून जाईल, मोटारीतून. आजवर आमच्या वस्तीतली वरात गावाबाहेरच्या गाडरस्त्यानं वळसा घालून राळेगावच्या सडकेला लागायची. कुणी अडवायचं म्हणून नव्हे. तशीच रीत होती आणि रीत मोडायला कारण लागतं. बाबांकडे आता कारण होतं, चार चाकांचं.

पेठेत गणपतसेठचं किराण्याचं दुकान होतं. दुकानापुढे लांब ओटा, आणि ओट्यावर गावातलं निम्मं रिकामं माणूस. मी मीठ आणायला गेले होते तेव्हा सेठनं स्वतःच विषय काढला.

"काय वं पोरी, पौषात लगन करून राह्यली म्हणते. अन् थेबी आठ ग्रह एका घरात येऊन राह्यले असताना?"

"हो," मी म्हटलं.

"अन् बाप मोटारीतून नेते, पेठेतून. ने ना बापा, कोण अडवते? रस्ता सरकारचा आहे. पण पौषातलं काम आहे. मोटार बंद पडली तं घाबरू नका. माही पांढरी जोडी जुंपून उभी ठेवतो इथंच. दोर लावू अन् ओढून नेऊ नवरा-नवरीले."

ओटा हसला. मीही मीठ घेताना हसल्यासारखं केलं, आणि घरी येईपर्यंत त्या हसण्याची मला लाज वाटत राहिली. सेठ वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी वैर तरी धरता येतं. जो चेष्टेत बोलतो आणि सगळ्यांना हसवतो त्याचं काय करायचं? त्याला उत्तर एकच होतं. गाडी बंद पडता कामा नये. ती बंद पडली असती तर पौष खरा ठरला असता, ग्रह खरे ठरले असते, साहेबाचं वाक्य खरं ठरलं असतं, आणि आम्ही पाच वर्षांपूर्वी जे केलं तेही आगाऊपणाचं ठरलं असतं. एवढं सगळं एका जुन्या गाडीवर लादणं बरोबर नव्हतं, पण लादलं गेलं होतं.

लग्नाला तीन दिवस होते. बाबा आणि मी राळेगावच्या सडकेवर गाडी काढून आलो. काय पळाली! बाभळींवरचा कापूस मागे उडत होता, बंडीवाले बैल आवरत होते, आणि बाबांच्या चेहऱ्यावर मी फिटर असतानाचे बाबा पाहिले. गावाजवळ आल्यावर ते म्हणाले, "आता वरातीवानी चालवून पाहू," आणि गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगावर आणली. ती दोनदा थरथरली आणि मेली.

हँडल मारलं, सुरू झाली. पळवली, पळाली. हळू केली, मेली.

"मंग पळवतच नेऊ पेठेतून," मी म्हटलं. मला त्यात काही वाईट दिसत नव्हतं.

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. "अन् वस्तीचं काय? पुढं भजनी मंडळ चालन, मांगं बाया, म्हातारे. सगळे पायी. त्यायले टाकून तू पुढं जाशीन? चोरावानी पळत नाई जायचं, कुसुम. हळू जायचं. सगळ्यायनं पाह्यलं पाह्यजे, अन् आपण सगळ्यायले पाह्यलं पाह्यजे."

त्याच दिवशी कार्बोरेटर उघडला. दोष कुठे आहे ते दोघांनाही माहीत होतं, हळू चालीचा तो बारीक जेट. मी सगळं पेट्रोलनं धुतलं, स्वच्छ रुईनं पुसलं, फुंकलं, बसवलं. पेट्रोलही मायच्या जुन्या लुगड्याच्या चार घड्यांतून गाळून घातलं. गाडी हळू केली, मेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. यावेळी रुई आणखी पांढरी, निवडून घेतलेली, सरकी काढून पिंजलेली. गाडी आधी चाळीस पावलं तरी चालायची, आता वीसच चालली. तिसऱ्या दिवशी दहा. जितकं जास्त पुसावं तितकी ती जास्त आजारी. माझ्या बोटांना भेगा पडल्या, पेट्रोलनं त्या चुरचुरायच्या. माय म्हणाली, नवरीचे हात कसे दिसून राह्यले. मी म्हटलं, दिसू दे.

लग्नाच्या दिवशी सकाळी, दुपारी लग्नाच्या वंदनेला चार तास उरले असताना, बाबा मोटारीच्या पायरीवर बसले आणि मातीकडे पाहत म्हणाले, "जाऊ दे पोरी. गाडरस्त्यानं नेऊ. तेथी बंद पडली तं कोणी पाहत नाई."

मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात एकदाच. "काहून? पौष तुमी धरला, पेठ तुमी धरली, अन् आता गाडरस्ता?" माय घरातून बाहेर आली.  बाबांनी उजवा हात डाव्या हाताखाली घेतला, ताटाखाली घ्यायचे तसा. ते मला सहन झालं नाही. मी तो जेट पुन्हा काढला, आणि काय करावं ते सुचेना म्हणून उगाच सूर्याकडे धरून एका डोळ्यानं पाहिला.

भोकातून उजेडाचा ठिपका दिसायला हवा. दिसत होता. पण गोल नव्हता. मधोमध चिरलेला होता, डाळ चिरावी तसा.

आत काहीतरी आडवं होतं. केसाहून बारीक. मी मान वर केली आणि समोर मायचे केस दिसले. सकाळच्या उन्हात त्यांवर कालच्या वेचणीचा कापूस चमकत होता, एकेक तंतू वेगळा. मग माझ्या हातातला रुईचा बोळा दिसला. मग त्या लुगड्याच्या घड्या आठवल्या. मी तीन दिवस ज्यानं पुसत होते तेच आत भरत होते.

"कापूस सोडून काहीही आणा," मी म्हटलं. "या गाडीले आता कापूस लावाचा नाई."

बाबांना एका क्षणात कळलं. ते उठले. मायला कळायला दोन क्षण लागले, आणि मग ती आंगणाच्या मधोमध उभी राहून घराकडे पाहत राहिली. लुगडं कापसाचं, धोतर कापसाचं, गोधडी कापसाची, वात कापसाची. उभ्या घरात ज्यात कापूस नव्हता असं फडकं नव्हतं. शेवटी तिची नजर मोटारीखाली गेली. तिथे कोंबड्या बसल्या होत्या.

"पीस चालन का?" माय म्हणाली.

पीस चालणार होतं. पिसाहून चांगलं काही नव्हतंच. मायनं शेजारच्या म्हशीच्या शेपटीचा एक ताठ केस उपटून आणला, वर म्हशीची माफीही मागितली. बाबांनी पेट्रोल गाळायची चाळणी शोधायला घेतली तर तीच म्हणाली, "गाळता कायले? गढूळ पाणी आपण निवळू देतो ना? ठेवा बाटलीत, वरचं वरचं घ्या." तिनं उभ्या आयुष्यात कार्बोरेटरला हात लावला नव्हता. पण त्या सकाळी अर्धं काम तिनं केलं, हे मी कधी विसरले नाही.

आंगणात कापूस उडत होता म्हणून आम्ही सगळं परातीत घेऊन नाल्यात गेलो. नाल्याच्या मधोमध धुतलेला काळा खडक, दोन्ही बाजूंनी पाण्याची धार. डोक्याला मी ओला पदर गच्च गुंडाळला, म्हणजे तंतू उडायला नको. म्हशीचा केस जेटच्या भोकात अलगद घातला, फिरवला, ओढला. केसाच्या टोकाला काहीतरी आलं. काय आलं ते नीट दिसतही नव्हतं. नखावर ठेवलं तर नखापेक्षा थोडं पांढरं, एवढंच. गणपतसेठची बैलजोडी, आठ ग्रह आणि साहेबाचं वाक्य, सगळं त्या एवढ्याशा तंतूवर उभं होतं.

मी जेट पुन्हा सूर्याकडे धरला. ठिपका गोल होता.

पिसानं सगळं धुतलं, खडकावर उन्हात वाळवलं, तोंडानं फुंकलं. गाडीवर चढवून हँडल मारलं. बाबांनी गाडी उभीच ठेवली, पेट्रोलला पाय न लावता. ती चालू राहिली. त्यांनी पितळी पेला पाण्यानं भरून बॉनेटवर ठेवला. पाण्यावर बारीक लहरी होत्या, पण पेल्याबाहेर थेंब आला नाही. बाबांनी तीन बोटांचा तो हात बॉनेटवर पसरून ठेवला, पेल्याशेजारी, सगळ्यांसमोर. कितीतरी वेळ ठेवला. माय म्हणाली, नवरीले आंघोळ करू द्या आता.

आंघोळ केली. पांढरं लुगडं नेसले. पण पेट्रोल इतक्यात जात नाही. त्रिशरण म्हणताना माझ्या तोंडाला तो वास येत होता आणि शेजारी उभे असलेले आमचे हे, म्हणजे तोवर झाले नव्हते, एकदा नाक वर करून इकडे तिकडे पाहत होते. पुढे सारं आयुष्य आम्ही एकत्र काढलं. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. शेवटपर्यंत ते सांगायचे, बायको पाहण्याआधी मी बायकोचा वास घेतला आणि मला वाटलं, मोटार लग्नाला येऊन उभी राहिली. आज ते असते तर अंगणातल्या या वासानं बाहेर आले असते. मला त्यांची फार आठवण येते, आणि पौषात जास्त.

मित्राचं काम आटोपत आलं आहे. कापड काळं झालं, पडदी चांदीसारखी दिसते आहे. नळी जोडून तिनं गाडी सुरू केली. पहिल्यांदा इंजिन जरा वरखाली झालं, मग बसलं. मी खुर्चीतून उठले, चहाचा अर्धा कप इंजिनाच्या झाकणावर नेऊन ठेवला. मित्रा म्हणाली, "आजी, हे काय?" मी म्हटलं, थांब. दोघी पाहत राहिलो. चहा सांडला नाही. मित्रानं एकदम माझ्याकडे पाहिलं, जसं नव्यानं पाहावं. "आता सांग," ती म्हणाली. "तुला काय माहीत यातलं?"

मग मी तिला सगळं सांगितलं, आणि शेवटचंही, जे एरवी मी राखून ठेवते.

दुपारी वरात निघाली. पुढे भजनी मंडळ, पेटी गळ्यात, ढोलक गळ्यात. मागे वस्तीतल्या सगळ्या बाया नव्या पांढऱ्या लुगड्यांत, म्हातारे काठ्या टेकत. मध्ये आमची काळी मोटार, माणसाच्या चालीनं. बाबा सुकाणूवर, मागच्या सीटवर आम्ही दोघं. पेठेच्या तोंडाशी भजन किंचित दबलं, मग पहिल्यापेक्षा मोठं झालं. दारादारांत माणसं उभी होती. कुणी हसत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. पाहत होते, आणि त्यांचे कान इंजिनाकडे होते.

गणपतसेठनं शब्द पाळला होता. दुकानाच्या बाजूला पांढरी जोडी जुंपून उभी, जुवाला दोर गुंडाळलेला, शेजारी गडी. ओटा माणसांनी भरलेला. आम्ही समोर आलो. गाडी चालत होती, न थरथरता. अजून पंधरा पावलं, की पेठ संपली असती आणि आम्ही जिंकलो असतो.

पण माझं समाधान होईना. मला वाटलं, हे आता म्हणतील, नशिबानं गेली. पौषाच्या तावडीतून कशीबशी सुटली. मी पुढे वाकले.

"बाबा, इथी बंद करा."

"काय?"

"गाडी बंद करा. इथीच."

बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं, ओट्याकडे, बैलांकडे. आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. भजन थांबलं. ओट्यावर कुणीतरी "पडली, पडली" म्हणालं, आणि गड्यानं खरंच दोर हातात घेतला.

मी दार उघडलं. आमचे हे घाईघाईनं म्हणाले, "मी फिरवू का हँडल?"

"तुमाले येते?"

"नाही."

"मंग बसा."

पांढरं लुगडं कमरेला खोचून मी पेठेच्या मधोमध उतरले. कपाळावर अक्षता नव्हत्या, बाशिंग नव्हतं, गळ्यात फुलांचा हार तेवढा होता. तो मागे टाकला. हँडल लावलं. अंगठा बोटांच्या संगं ठेवला. ओट्याकडे पाहिलं नाही, आत बाबांकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात सुकाणूवर होता, वर, उघडा, तीन बोटांचा. डाव्या हातानं किल्ली पुन्हा फिरवून त्यांनी मान हलवली.

एकच फेरा. गाडी बोलली.

पाठीमागून बायांचा जो आवाज उठला तो मी अजून ऐकते. बाबांनी गाडी उभीच ठेवली, मुद्दाम, पेट्रोलला पाय न लावता, आणि ती उभ्या उभ्या चालत राहिली, पेल्यातलं पाणी सांडणार नाही इतकी शांत. मी हँडल काढलं. सेठ ओट्यावरून उठून उभे राहिले होते. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, काळ्या नखांकडे, भेगांकडे, बराच वेळ. मग गड्याकडे वळून म्हणाले, "बैल सोडून दे बे."

मी आत येऊन बसले. भजन पुन्हा सुरू झालं. राळेगावची सडक समोर मोकळी होती आणि गाडी पळायला तयार होती, पण बाबांनी ती पळवली नाही. सगळी वस्ती दोन्ही बाजूंनी चालत होती, म्हाताऱ्यांनी मोटारीवर हात टेकले होते, आणि त्या दिवशी आम्ही जितकं हळू जाता येईल तितकं हळू गेलो.